बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी: तीन वर्षांत नेमकं काय शिकायला मिळतं आणि पुढे काय?

नीटचा निकाल लागतो आणि अनेक घरांमध्ये एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क नाहीत. मग एक वर्ष गॅप घेऊन पुन्हा परीक्षा द्यायची, बीएएमएस-बीएचएमएसचा विचार करायचा, की सरळ बीएस्सीला जायचं? अशा वेळी कुणीतरी नातेवाईक किंवा क्लासमधले सर हमखास सुचवतात, "बायोटेक कर. त्याला खूप स्कोप आहे."

२०२५ मध्ये नीटला २२ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले होते. देशातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. बाकीच्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या बीएस्सीकडे वळतात आणि त्यांच्या यादीत बायोटेक्नॉलॉजीचं नाव वरच असतं. त्यातच करोनाच्या काळात आरटी-पीसीआर, अँटिबॉडी, जिनोम सिक्वेन्सिंग हे शब्द घराघरात पोहोचले आणि या विषयाचं वलय आणखी वाढलं.

पण तीन वर्षांनी पदवी हातात आल्यावर अनेकांना वाटतं, 'हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.' या अभ्यासक्रमात काय शिकवतात, नोकरी कधी लागते, एमएस्सी करावीच लागते का आणि कॉलेज निवडताना काय बघायचं, हे फॉर्म भरण्याआधीच समजून घेतलेलं बरं.

बायोटेक्नॉलॉजी म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर, सजीवांकडून किंवा त्यांच्या पेशींकडून माणसाच्या उपयोगाचं काम करून घेणं म्हणजे बायोटेक्नॉलॉजी, अर्थात जैवतंत्रज्ञान. या व्याख्येने बघितलं तर दुधाला विरजण लावणं हेसुद्धा जैवतंत्रज्ञानच आहे. त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल बनवतात आणि दही लागतं.

'बायोटेक्नॉलॉजी' हा शब्द पहिल्यांदा वापरला तो कारोली एरेकी या हंगेरियन अभियंत्याने, १९१९ मध्ये. आज आपण ज्या अर्थाने हा शब्द वापरतो, तो मात्र १९७०च्या दशकात रूढ झाला. एका सजीवातला जनुक कापून दुसऱ्या सजीवात बसवणं तेव्हा शक्य झालं होतं.

याचं सर्वांत सोपं उदाहरण म्हणजे इन्सुलिन. पूर्वी मधुमेहींसाठीचं इन्सुलिन डुक्कर आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचा जनुक ई. कोलाय या जिवाणूत बसवला आणि तो जिवाणू इन्सुलिन बनवू लागला. १९८२ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. आज आपल्या आसपासचे मधुमेही जे इन्सुलिन घेतात, ते याच पद्धतीने मोठ्या टाक्यांमध्ये सूक्ष्मजीव वाढवून तयार होतं.

महाराष्ट्रात तर उदाहरणांची कमतरताच नाही. जळगावच्या शेतात लागणारी केळीची टिश्यू कल्चर रोपं, पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशी, मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅबने बनवलेलं करोना तपासणीचं किट, आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून आलेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली रक्ताच्या कर्करोगावरची 'नेक्सकार१९' ही कार-टी उपचारपद्धती, हे सगळं जैवतंत्रज्ञानाच्या कक्षेत येतं.

बीटी कापूसही त्यातलाच. २००२ मध्ये त्याला भारतात परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचा जनुक कपाशीत बसवला की बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं. पण पुढे गुलाबी बोंडअळीने या प्रथिनाला दाद देणं सोडलं आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना त्याचा मोठा फटका बसला. अळीत ही प्रतिकारशक्ती का आली, ती येऊ नये म्हणून काय करायला हवं होतं, हेही विद्यार्थ्याला याच विषयात शिकायचं असतं.

तीन वर्षांत काय शिकवतात?

विद्यापीठागणिक अभ्यासक्रम थोडाफार बदलतो, पण ढाचा साधारण सारखाच असतो.

पहिल्या वर्षी पाया घातला जातो. पेशीविज्ञान, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी यांची ओळख होते. सोबत रसायनशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्र असतं.

दुसऱ्या वर्षी विषय खोलात जातो. डीएनएपासून प्रथिन कसं बनतं हे सांगणारं रेण्वीय जीवशास्त्र, शरीराची रोगप्रतिकारशक्ती कशी चालते हे सांगणारं इम्युनॉलॉजी आणि विकरांचा, म्हणजे एन्झाइमचा अभ्यास हे या वर्षाचे मुख्य विषय.

तिसऱ्या वर्षी 'तंत्रज्ञान' हा भाग खऱ्या अर्थाने येतो. जनुक कापण्या-जोडण्याचं रिकॉम्बिनंट डीएनए तंत्र, वनस्पती आणि प्राण्यांच्या पेशी बाटलीत वाढवण्याचं टिश्यू कल्चर, मोठ्या टाक्यांमधलं फर्मेंटेशन, बायोइन्फर्मेटिक्स, पर्यावरणाशी संबंधित जैवतंत्रज्ञान आणि एखादा छोटा प्रकल्प.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'गणित नको म्हणून बायोटेक' असा विचार करून आलेल्यांची पहिल्या सत्रातच अडचण होते. या विषयात कॅल्क्युलसचा डोंगर नसला, तरी आकडेमोड रोजची असते. एक उदाहरण बघा. दुधाच्या नमुन्यात किती जिवाणू आहेत हे मोजायचंय. नमुना दहा-दहा पट असा चार वेळा पातळ केला, त्यातला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरला आणि दुसऱ्या दिवशी ४५ ठिपके दिसले. मूळ दुधात दर मिलिलिटरला जिवाणू किती? उत्तर आहे ४५ लाख. हे गणित अवघड नाही, पण एक शून्य चुकलं तर चांगलं दूध खराब ठरतं किंवा खराब दूध चांगलं. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अशी चूक चालत नाही.

खरा अभ्यास प्रयोगशाळेत

हा विषय वाचून येत नाही, हाताने करून येतो. तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या हाताखालून काय काय जायला हवं, हे माहीत असेल तर कॉलेजची पारख करणंही सोपं जातं.

सुरुवात होते निर्जंतुकीकरणापासून. ऑटोक्लेव्ह हे यंत्र आपल्या प्रेशर कुकरच्या तत्त्वावरच चालतं. वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस तापमान साधारण १५ ते २० मिनिटं ठेवलं की बहुतेक सगळे सूक्ष्मजीव आणि त्यांचे चिवट बीजाणूही मरतात. त्यानंतर लॅमिनार एअर फ्लो या स्वच्छ हवेच्या कपाटासमोर बसून काम करायला शिकायचं. बोलायचं नाही, हात विनाकारण हलवायचा नाही, बाटलीचं तोंड उघडं ठेवायचं नाही. केळीच्या कोंबाचा तुकडा बाटलीत लावला आणि आठवड्याने त्यावर पांढरी बुरशी दिसली, की कुठेतरी शिस्त मोडली होती हे कळतं. बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्याच्या पहिल्या काही बाटल्या अशाच वाया जातात.

मग येतो मायक्रोपिपेट. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. एवढं द्रव अचूक उचलायला हात बसावा लागतो. त्यानंतर कांदा किंवा केळ्यातून डीएनए वेगळा करणं, तो अगारोज जेलवर विजेच्या साहाय्याने पळवून त्याचे तुकडे आकारानुसार वेगळे करणं, विशिष्ट एन्झाइमने डीएनए ठरलेल्या जागी कापणं, जिवाणूत बाहेरचा डीएनए घालणं आणि एलायझा चाचणी करणं, असा क्रम असतो.

यातलं सर्वांत महत्त्वाचं तंत्र म्हणजे पीसीआर. करोनाच्या तपासणीमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत झाला, पण त्यामागची कल्पना मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचली.

कल्पना करा, एका मोठ्या पुस्तकातलं एकच वाक्य शोधायचंय. पीसीआर ते वाक्य शोधून त्याच्या झेरॉक्स काढत राहतं. आधी नमुना ९५ अंशांच्या आसपास तापवला की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग तापमान ५०-६० अंशांपर्यंत खाली आणलं की 'प्रायमर' नावाचे छोटे तुकडे आपापली जागा शोधून चिकटतात. पुन्हा ७२ अंशांवर एक एन्झाइम त्या तुकड्यापासून पुढची नक्कल तयार करतं. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार, तिसरीत आठ. ३० फेऱ्यांनंतर एका रेणूच्या १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होऊ शकतात.

एवढ्या उष्णतेत बहुतेक एन्झाइम निकामी होतात. इथे वापरलं जाणारं टॅक पॉलिमरेज मात्र टिकतं, कारण ते मूळचं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमध्ये राहणाऱ्या जिवाणूचं आहे. हे तंत्र शोधणाऱ्या कॅरी म्युलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

करोना रिपोर्टवरची 'सीटी व्हॅल्यू' आठवते? विषाणूचा माग लागायला किती फेऱ्या लागल्या, याचा तो आकडा. विषाणू जास्त असेल तर कमी फेऱ्यांतच दिसतो. म्हणून सीटी व्हॅल्यू जेवढी कमी, तेवढा विषाणू जास्त. असं उलटं का, हे बायोटेकच्या विद्यार्थ्याला पाठ करावं लागत नाही. त्याला ते समजलेलं असतं.

अडचण अशी, की हे सगळे प्रयोग महागडे आहेत. एन्झाइम आणि किट शीतपेटीतून मागवावी लागतात आणि ठरावीक मुदतीत वापरावी लागतात. त्यामुळे काही ठिकाणी शिक्षक एकदा प्रयोग करून दाखवतात आणि ३० विद्यार्थी भोवती उभं राहून बघतात. जर्नलमध्ये प्रयोग पूर्ण झालेला असतो, हाताला मात्र सवय झालेली नसते. पुढे मुलाखतीत "पीसीआर स्वतः केलं आहे का?" असं विचारलं की हा फरक उघड होतो.

बीटेक, मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक: फरक काय?

नावं सारखी वाटली तरी हे वेगळे रस्ते आहेत.

बीटेक बायोटेक्नॉलॉजी हा चार वर्षांचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम. त्यासाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईईसारखी परीक्षा द्यावी लागते. त्यात उष्णता, द्रवांचा प्रवाह, टाक्यांची रचना असा भाग जास्त असतो. प्रयोगशाळेत एका फ्लास्कमध्ये जमलेली गोष्ट हजारो लिटरच्या टाकीत कशी जमवायची, हा त्यातला मुख्य प्रश्न. राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतही चार वर्षांचा बीटेक बायोटेक्नॉलॉजी अभ्यासक्रम आहे. तिथे भर शेतीवर असतो.

बीएस्सी मायक्रोबायोलॉजी हा सूक्ष्मजीवांवर केंद्रित, जुना आणि उद्योगांना चांगला परिचित असलेला विषय. औषध, दुग्ध, पाणी आणि अन्नप्रक्रिया कंपन्यांच्या तपासणी विभागांच्या जाहिरातींत हे नाव हमखास दिसतं.

बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीत सूक्ष्मजीव, वनस्पती, प्राणी, जनुकं आणि संगणक असं सगळं थोडं थोडं असतं. तीच या अभ्यासक्रमाची ताकद आणि तीच मर्यादा. ज्याला पुढे शिकायचंय, त्याच्यासाठी बरेच दरवाजे उघडे राहतात. ज्याला पदवीनंतर लगेच नोकरी हवी आहे, त्याला मात्र एखाद्या कामात वेगळं कौशल्य मिळवावं लागतं.

बीएस्सी बायोटेकला बहुतेक महाविद्यालयांत बारावी विज्ञानच्या गुणांवर प्रवेश मिळतो. काही ठिकाणी बारावीला जीवशास्त्र असणं सक्तीचं आहे, काही ठिकाणी गणिताचा गटही चालतो. खासगी विद्यापीठं स्वतःची परीक्षा घेतात, तर अनेक केंद्रीय विद्यापीठं सीयूईटीच्या गुणांवर प्रवेश देतात.

पदवीवरचं नाव का महत्त्वाचं?

ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी फारशी कुणी सांगत नाही. सरकारी नियमांमध्ये विषयांच्या नावांच्या याद्या असतात. त्यातल्या अनेक याद्या बायोटेक्नॉलॉजी हा पदवीचा विषय म्हणून रुळण्याआधीच्या आहेत, तर काहींमध्ये फक्त 'मूलभूत विज्ञान' धरलेलं आहे.

दोन उदाहरणं बघू.

पहिलं भारतीय वन सेवेचं. यूपीएससीच्या या परीक्षेसाठी पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यापैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत बायोटेक्नॉलॉजी नाही. म्हणजे जंगल आणि वन्यजीवांची आवड असलेल्या बायोटेकच्या विद्यार्थ्याने पदवीला सोबत रसायनशास्त्र किंवा वनस्पतीशास्त्र घेतलेलं नसेल, तर त्याची अडचण होऊ शकते. नागरी सेवा परीक्षा आणि एमपीएससीच्या राज्यसेवेतल्या बहुतेक पदांसाठी मात्र कोणतीही पदवी चालते.

दुसरं उदाहरण केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेतल्या शिष्यवृत्तीचं. बारावीत अव्वल गुण मिळवून मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी असलेल्या, वर्षाला ८० हजार रुपयांच्या या शिष्यवृत्तीच्या १८ विषयांच्या यादीत सूक्ष्मजीवशास्त्र आहे, जीवरसायनशास्त्र आहे, वनस्पतीशास्त्र आणि प्राणिशास्त्रही आहे. बायोटेक्नॉलॉजी नाही. एकाच कॉलेजात, शेजारच्या वर्गात मायक्रोबायोलॉजी शिकणारा विद्यार्थी ज्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकतो, तिथे बायोटेकचा विद्यार्थी नावामुळे बाहेर राहतो.

याचा अर्थ बायोटेक घेऊ नये असा नाही. पण एखादी विशिष्ट सरकारी नोकरी, शिक्षकी पेशा किंवा शिष्यवृत्ती डोळ्यासमोर असेल, तर तिच्या जाहिरातीतली पात्रता शब्दन्‌शब्द वाचूनच विषय ठरवावा.

तीन वर्षं की चार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न आता प्रत्येक विद्यार्थ्यासमोर आहे. महाराष्ट्रात आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी रचना आली. तिच्यात एक वर्ष पूर्ण केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळते. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ क्रेडिट लागतात.

या रचनेत मुख्य विषय 'मेजर' आणि दुय्यम विषय 'मायनर' असतो. वर सांगितलेल्या याद्यांचा विचार केला तर मायनर निवडताना डोळसपणा हवा. ज्याला औषध उद्योगात जायचंय त्याला रसायनशास्त्राचा उपयोग होतो, ज्याला जनुकांच्या माहितीवर काम करायचंय त्याला संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा. मैत्रिणीने घेतला म्हणून मायनर घेतला, असं होऊ नये. अर्थात कॉलेजात कोणते पर्याय उपलब्ध आहेत, यावरही बरंच अवलंबून आहे.

चौथं वर्ष कुणी करावं? संशोधनात जायचं पक्कं असेल तर 'ऑनर्स विथ रिसर्च' हा पर्याय आहे. त्यासाठी यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी एका वर्षात करता येते, आणि गुण पुरेसे असतील तर थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो. परदेशातली, विशेषतः अमेरिकेतली अनेक विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात. बारावी अधिक चार वर्षं केली की ती अट पूर्ण होते.

पण कॉलेजात संशोधनाची सोय आणि पीएचडी मार्गदर्शक नसतील, तर चौथं वर्ष तिथेच करण्यापेक्षा तीन वर्षांनी चांगल्या विद्यापीठात दोन वर्षांच्या एमएस्सीला जाणं फायद्याचं ठरू शकतं.

बीएस्सीनंतर लगेच नोकरी मिळते का?

मिळते, पण जाहिरातीतल्या 'जेनेटिक इंजिनिअर' किंवा 'सायंटिस्ट' या पदांची नाही.

नुसत्या बीएस्सीवर प्रामुख्याने औषध, लस आणि अन्नप्रक्रिया कंपन्यांचे उत्पादन व गुणवत्ता तपासणी विभाग, पॅथॉलॉजी आणि निदान प्रयोगशाळा, टिश्यू कल्चर लॅब, क्लिनिकल ट्रायलच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपन्या, औषधांच्या दुष्परिणामांची माहिती नोंदवणारी केंद्रं आणि प्रयोगशाळेची उपकरणं विकणाऱ्या कंपन्या इथे कामं मिळतात. अनेक ठिकाणी शिफ्ट असते, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि त्याच जागेसाठी मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, बीफार्मचे विद्यार्थीही रांगेत असतात. पॅथॉलॉजी लॅबकडे जायचं तर बरेच जण पदवीनंतर डीएमएलटीसारखा अभ्यासक्रम जोडतात.

एक कमी चर्चेतला रस्ता पेटंटचा. भारतात पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान शाखेच्या पदवीधराला देता येते. विज्ञान समजणारा आणि नेमकं लिहू शकणारा माणूस या क्षेत्राला हवा असतो.

मग 'स्कोप'चं काय? सरकारी आकडेवारीनुसार भारताची जैव-अर्थव्यवस्था २०१४ मध्ये १० अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती २०२४ मध्ये १६५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. २०३० पर्यंत ३०० अब्जांचं उद्दिष्ट आहे. आकडा मोठा आहे, पण त्यात इथेनॉलपासून लशींपर्यंत आणि बियाण्यांपासून तपासणी किटपर्यंत सगळं मोजलेलं असतं. उद्योगाची उलाढाल सोळा पट वाढली म्हणून नव्या पदवीधरांच्या नोकऱ्या सोळा पट वाढत नाहीत. शिवाय हे उद्योग पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद अशा मोजक्या शहरांभोवती एकवटलेले आहेत. त्यामुळे घर सोडायची तयारी ठेवावी लागते.

एमएस्सी आणि पुढचा लांबचा प्रवास

संशोधनात रस असेल तर एमएस्सी जवळपास अटळ आहे. त्यासाठीच्या मुख्य परीक्षा अशा:

- गॅट-बी: केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं साहाय्य असलेल्या एमएस्सी आणि एमटेक अभ्यासक्रमांसाठी. या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं. पेपरचा एक भाग बारावीच्या भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्रावर असतो.
- आयआयटी जॅम: आयआयटी मुंबईसह काही आयआयटींमधल्या एमएस्सीसाठी. बायोटेक्नॉलॉजीचा स्वतंत्र पेपर असतो आणि त्यात गणितही येतं.
- सीयूईटी-पीजी: केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांसाठी.
- विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षा.

जैवतंत्रज्ञान विभागाचं लघुरूप 'डीबीटी' आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचा महाडीबीटी पोर्टलशी काहीही संबंध नाही. नवे विद्यार्थी या नावात हमखास गोंधळतात.

एमएस्सीनंतर पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची बेट ही परीक्षा असते. त्यातून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. जानेवारी २०२३ पासून हे दर लागू आहेत. संशोधनासाठी राज्याबाहेर जायलाच हवं असंही नाही. एकट्या पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणू संस्था, आघारकर संशोधन संस्था आणि आयसर आहेत. मुंबई परिसरात टीआयएफआर, आयसीटी आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आहे.

मात्र हिशेब आधीच मांडलेला बरा. बीएस्सीची तीन, एमएस्सीची दोन आणि पीएचडीची साधारण पाच वर्षं धरली तर अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी डॉक्टरेट मिळेपर्यंत अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होतो. त्यानंतरही अनेकांना काही वर्षं पोस्ट-डॉक करावी लागते. घरची आर्थिक परिस्थिती लवकर कमावण्याची असेल, तर हे गणित घरच्यांसमोर सुरुवातीलाच मांडायला हवं. आवड खरी असेल आणि घरच्यांनी वेळ द्यायची तयारी दाखवली, तर हाच प्रवास समाधान देणाराही आहे.

फी आणि कॉलेज: फॉर्म भरण्याआधी काय विचाराल?

अनेक महाविद्यालयांत साधी बीएस्सी अनुदानित असते, पण बायोटेक्नॉलॉजीची तुकडी विनाअनुदानित असते. त्यामुळे त्याच कॉलेजात, त्याच इमारतीत बायोटेकची फी कितीतरी जास्त निघते. शिष्यवृत्ती किंवा फीमाफी कोणत्या तुकडीला लागू आहे, हे कार्यालयात आधीच विचारून घ्यावं.

माहितीपुस्तिकेतल्या फोटोंवर न जाता पुढच्या गोष्टी विचारता येतील:

- पीसीआर यंत्र चालू स्थितीत आहे का? मागच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः किती प्रयोग केले?
- पूर्णवेळ शिक्षक किती? दर वर्षी तेच असतात की तासिका तत्त्वावर बदलत राहतात?
- तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प कुठे होतो? कॉलेजात, कंपनीत की संशोधन संस्थेत?
- पदवीपूर्व प्रयोगशाळा सुधारण्यासाठी असलेल्या डीबीटीच्या 'स्टार कॉलेज' योजनेत कॉलेजचा समावेश आहे का?
- मागच्या दोन-तीन तुकड्यांतले विद्यार्थी आता कुठे आहेत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांपेक्षा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून घेतलेलं बरं. कॉलेजच्या कँटीनमध्ये अर्धा तास बसलं तरी बरीच माहिती मिळते.

मोठ्या शहरातलं कॉलेज नाही मिळालं तर?

तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांनी निराश व्हायचं कारण नाही. या विषयातला एक मोठा भाग आता संगणकावर होतो. करोनाच्या विषाणूचा जिनोम साधारण ३० हजार अक्षरांचा, तर माणसाचा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. ही माहिती आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये सर्वांसाठी मोफत खुली आहे. एखादा अनोळखी डीएनए कोणत्या सजीवाचा असावा हे शोधणारं 'ब्लास्ट' हे साधनही मोफत आहे. साधा लॅपटॉप आणि इंटरनेट असेल तर गावातला विद्यार्थीही तेच साधन वापरतो, जे हार्वर्डमधला वापरतो. पायथन किंवा 'आर' या संगणकीय भाषांची ओळख आणि स्वयम, एनपीटीईएलवरचे मोफत अभ्यासक्रम हेही हाताशी आहेत.

प्रत्यक्ष प्रयोगांचा अनुभव कमी पडत असेल तर उन्हाळी सुट्टीचा उपयोग करता येतो. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात. संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांना नेमका, नम्र ई-मेल लिहून इंटर्नशिप मागणारे विद्यार्थीही असतात. दहापैकी नऊ मेलना उत्तर येत नाही असं धरूनच दहावा मेल पाठवायचा असतो.

इंग्रजीची भीती हाही अनेकांचा प्रश्न असतो. पहिल्या वर्षी शब्द अंगावर येतात, पण संकल्पना आधी मराठीतून समजून घेतली आणि मग इंग्रजी संज्ञा जोडली तर दोन्ही लक्षात राहतात. विरजण समजलं असेल तर फर्मेंटेशन समजायला वेळ लागत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो निर्णयाचा. नीट हुकली म्हणून बायोटेक घेणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावं: पांढरा कोट हवा होता, की शरीर कसं चालतं हे जाणून घ्यायचं होतं? पहिलं उत्तर असेल तर तीन वर्षं जड जातील. दुसरं असेल, तर बुरशीने खराब झालेली बाटली फेकून देऊन पुन्हा पहिल्यापासून प्रयोग लावायला कंटाळा येणार नाही. बायोटेकच्या अभ्यासात ती वेळ वारंवार येते.